पुसायची राहिलेली रेषा

रविवारी सकाळी साडेआठला आम्ही तिघं औरंगपुऱ्यातल्या हॉटेलात बसतो आणि इंद्रजीतनं मॅच विकली का नाय, यावर भांडतो. एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या काळात आमची लग्नं झाली, पोरं झाली, एकाला तर नातू झाला. शहराचं नाव बदललं. हॉटेलाचा मालक बदलला, त्याचा पोरगा गल्ल्यावर आला. आमचं भांडण तेच. शिळ्या कढीला ऊत आणतात म्हणे, आमच्या कढीचा तर तळ करपलाय, तरी आम्ही खाली जाळ घालतोय.

तिघं म्हणजे एक तात्यासाहेब. वकील आहे. वेरूळकडं बागायत आहे, पण कोर्टात ओरडल्याशिवाय त्याला जेवण पचत नाय. त्याचं म्हणणं, मॅच विकली. दुसरा संघपाल, ग्रंथपाल आहे, मोजून बोलतो. त्याचं म्हणणं, पुरावा दाखव, नायतर तोंड बंद ठेव. तिसरा मी, सांडू. याच गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझं म्हणणं काय, ते कुणी विचारत नाय. मी चहा पितो आणि अधूनमधून "जाऊ द्या ना राव" म्हणतो. इतक्या वर्षांत एवढंच बोललोय मी.

आणि खरं काय झालं, ते जगात फक्त मला माहितीय. निदान त्या रविवारपर्यंत मला तसं वाटत होतं.

इंद्रजीत आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. सोयगावचा. काय खेळायचा म्हणून सांगू! सेमीफायनलला एका चढाईत चौघांना शिवून मध्यरेषेवर असा पडला की छातीची सालटं निघाली, उठून हसला. पण मला त्याची दुसरीच गोष्ट आवडायची. मातीवरच्या कबड्डीत एक रीत असते. तुम्हाला चढाईवाल्याचा हात लागला आणि पंचाला दिसलं नाय, तरी तुम्ही स्वतः हात वर करायचा आणि मुकाट बाहेर जाऊन बसायचं. रीत सगळ्यांना माहीत, पाळायचा इंद्रजीतच. नख लागलं तरी हात वर. आपलीच पोरं चिडायची, "अरे बावळटा, पंच तिकडं बघत होता!" हा आपला हात वर करून बाहेर.

असा माणूस मॅच विकल? पण बघा ना, झालं काय.

शहाण्णव सालची विद्यापीठाची फायनल, आमच्याच मैदानावर. सत्तावीस-सव्वीस. आम्ही एकानं मागं, शेवटची चढाई इंद्रजीतची. समोर सहा जण उभे, म्हणजे बोनस चालू. बोनसची रेषा ओलांडून एक पाय पलीकडं टेकवायचा, दुसरा हवेत ठेवायचा आणि परत यायचं. कुणाला शिवायची गरज नाय. एक गुण मिळाला की बरोबरी, मग जादा वेळ, आणि जादा वेळात इंद्रजीतला धरणारा पैदा व्हायचा होता. तो गेला, पाय टेकवला, परत आला, अंगठा वर केला. सगळं मैदान नाचायला लागलं. आणि पंचानं मान हलवली. रेषा ओलांडलीच नाय. शिट्टी. संपलं.

इंद्रजीत पंचाला हात जोडून सांगत होता, "सर, मी रेषा ओलांडली. माझ्या डोळ्यानं बघितली." पंच म्हणाला, "बाळा, तुझा पाय अडीच फूट अलीकडं होता." आता माणूस चार बोटं चुकेल, वीतभर चुकेल. अडीच फूट कोण चुकतं? लोकांनी तिथंच ठरवलं, हा खोटं बोलतोय. वर दोन महिन्यांनी त्याला एका साखर कारखान्याच्या संघात नोकरी लागली, आणि कारखाना जिंकलेल्या कॉलेजवाल्यांच्याच भागातला. झालं! तात्यासाहेबाला आयुष्यभराची केस मिळाली.

आता माझं ऐका. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात मैदानाचं काम करायचो. त्याच्यावर माझी फी माफ होती. पाणी मारायचं, रोलर ओढायचा, फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, रेषा मारायच्या. त्या दिवशी सकाळी मुलींची फायनल होती. मुलींचं मैदान लहान असतं, रेषा जवळ. त्यांचा बोनस मध्यरेषेपासून चार मीटरवर, पोरांचा पावणेपाचवर. सकाळच्या रेषा मी भिजवलेल्या चुन्यानं मारल्या होत्या, पक्क्या बसाव्यात म्हणून. दुपारी त्या पाणी मारून, खरवडून काढायच्या होत्या. मी काय केलं? टोपलीभर माती टाकली वरून. कोण खरवडत बसतंय उन्हात! पोरांच्या रेषा वरनं कोरड्या फक्कीनं मारल्या.

हाफटाइमला त्या रेषा पुन्हा मारायच्या असतात, पायांनी पुसट होतात म्हणून. हाफटाइमला मी नव्हतोच. सायकल काढून गुलमंडीच्या बाजारात गेलो होतो, झेंडूच्या माळा आणायला. आपण जिंकणार, मग इंद्रजीतच्या गळ्यात पहिली माळ आपली पडली पाहिजे, एवढी हौस! माळा घेऊन आलो तेव्हा पाच-सहा मिनिटं राहिली होती. बघतो तर काय, पायांनी माती उडालेली, मुलींची रेषा ठसठशीत वर आलेली. आणि पोरांची कोरडी रेषा कुठं दिसती, कुठं नाय. ओरडलो असतो तर पंचानं मॅच थांबवली असती. नाय ओरडलो. म्हणलं, संपतीच आहे, कुणाला काय कळतंय.

इंद्रजीतनं रेषा ओलांडली होती. मी पुसायची ठेवलेली.

मॅच संपल्यावर लोक मैदानात घुसले, सगळं तुडवलं गेलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी झारी आणि खुरपं घेऊन गेलो आणि राहिलेला चुना खरवडून खरवडून काढला. आदल्या दिवशी जमलं नाय ते काम दुसऱ्या दिवशी बरोबर जमलं. मग आज सांगू, उद्या सांगू. फी जाईल म्हणून नाय सांगितलं, मग परीक्षा, मग लग्न. मग इतका उशीर झाला की सांगण्याचीच लाज वाटायला लागली. तोंडात गुळणी धरून बसलो ते बसलोच.

तर त्या रविवारी भांडणाला कारण होतं. कॉलेजात नवा क्रीडा हॉल झालाय. भिंतीवर पाच जुन्या खेळाडूंचे फोटो लागणार. चार ठरले. पाचवा इंद्रजीतचा लावायचा का, यावर प्राचार्यांनी आम्हा तिघांचं लेखी मत मागितलं. म्हणाले, तुम्ही जुने, त्या मॅचला हजर होता, एकमतानं काय ते लिहून द्या. सोमवारी द्यायचं होतं. कागद माझ्यापुढं, कारण माझं अक्षर चांगलं. त्यावर मी तारीख टाकून बसलो होतो.

"लिही," तात्यासाहेब म्हणाला, "की सदर खेळाडूचं चारित्र्य वादग्रस्त असल्याकारणानं..."

"वादग्रस्त कुणी केलं?" संघपालनं बशी खाली ठेवली. "वाद घालणारा एकटा तू. एवढी वर्षं एक साक्षीदार आणता आला नाय तुला."

"अरे अडीच फूट! अडीच फूट संघपाल! आंधळा माणूस बी पायानं चाचपून..."

"चूक झाली असेल."

"इंद्रजीतची चूक? मग तो मोठा खेळाडू कसा? बोल. चूक म्हणला तर अडाणी, नायतर बेईमान. दोन्हीतलं काय लावायचं भिंतीवर?"

मी डोळे मिटले. थकलो होतो हो. पन्नाशीला टेकलेला माणूस, गुडघे बोलतात, दुकानातलं मशीन दिवसाआड कागद खातं, आणि रविवारी सुख म्हणून हे ऐकायचं. इंद्रजीतचं नाव निघालं की माझ्या चहाची चव जाते, आणि चहा तर मी इथंच प्यायला येतो.

"जाऊ द्या ना राव," मी म्हणलं.

"तू गप्प बस सांड्या. लिही. त्यानं मॅच विकली, हे सगळ्या गावाला..."

"नमस्कार काका."

टेबलाजवळ एक पोरगी उभी होती. चोवीस-पंचवीसची, अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. "सांडूकाका कोण? प्राचार्य सरांनी सांगितलं, फोटोचं मत तुम्ही तिघं लिहिताय, इथं भेटाल." मी हात वर केला. तिनं खिशातनं घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. "मी राजनंदिनी. सोयगावला शाळेत खेळ शिकवते. माझ्या मुलींची आज तुमच्या कॉलेजच्या मैदानावर मॅच आहे. हे पप्पांनी दिलंय. इंद्रजीत माझे पप्पा."

तात्यासाहेबाचं तोंड तसंच उघडं राहिलं. कोर्टात कधी झालं नसल असं.

कागदावर दोनच ओळी होत्या. माझा फोटो लावू नये ही विनंती. पोरं खाली उभी राहून भांडतील, त्यापेक्षा भिंत कोरी बरी.

"बस बेटा, चहा घे," संघपालनं खुर्ची ओढली. ती बसली नाय.

"मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही तिघं तिथं होता. मी लहान असल्यापासून ऐकते, पप्पांनी मॅच विकली. शाळेतल्या पोरी मला म्हणायच्या. एका लग्नात आमच्या सोयऱ्यानं चिडवलं तर पप्पा ताटावरनं उठले. ते काही बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, 'मी रेषा ओलांडली होती.' बास. मी वीसेक वेळा विचारलं असेल, मग एवढी चूक झाली कशी? तर गप्प." तिनं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. "मी त्यांची लेक आहे, पण मला पण कधी कधी वाटतं, खरंच विकली असेल का. असं वाटलं की दिवसभर जेवण जात नाही."

मग ती आपणच कसनुसं हसली. "आणि रेषांचं तर त्यांना वेडच लागलंय. कुठंही मॅच असो, आधी जुन्या रेषा पुसायला लावतात. पुसायला म्हणजे खरवडायला. माती टाकलेली चालत नाही त्यांना. मुली हसतात. आत्ता पण तिथं मैदानावर झारी-खुरपं घेऊन तेच चाललंय."

माती टाकलेली चालत नाय.

मी पेनाला टोपण लावून तो खिशात ठेवला.

"माझ्यामुळं झालं," मी म्हणलं.

"काय तुझ्यामुळं?" तात्यासाहेब म्हणाला.

मग मी सांगितलं. मुलींची रेषा, टोपलीभर माती, गुलमंडीच्या माळा, दुसऱ्या दिवशीची झारी, सगळं. मधे थांबलो नाय. मला वाटलं होतं, हे सांगितलं की आभाळ कोसळेल. तात्यासाहेब मला मारेल, संघपाल उठून जाईल.

तात्यासाहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांड्या, पोरगी रडवेली झाली म्हणून काहीबी रचू नको."

"अरे खरं सांगतोय!"

"मग रेषा दिसल्यावर ओरडला का नाय?"

"भ्यालो."

"आणि इतकी वर्षं?"

"भ्यालो म्हणलं ना!"

"साक्षीदार?"

"कुणी नव्हतं."

"बघा," तो संघपालकडं वळला, "अशी साक्ष कोर्टात पाच मिनिटं टिकत नाय."

वाटलं, संघपाल तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो चष्मा पुसत म्हणाला, "तसं बघितलं तर सांडूचं बोलणं बी पुराव्याशिवायच आहे. आणि समजा खरं असलं, तरी इतक्या वेळा खेळलेल्या माणसाला चार मीटर आणि पावणेपाच मीटर यातला फरक कळायला नको?"

"आता आलास मुद्द्यावर!" तात्यासाहेब टेबलावर हात आपटून म्हणाला. आणि लागली की दोघांची पुन्हा! माझ्या उरावरचा दगड मी टेबलावर ठेवला, तर यांनी त्याच्यावर बशा मांडल्या. हसावं का रडावं कळेना. या माणसांना खरं नकोच होतं. रविवार पाहिजे होता.

राजनंदिनी मात्र माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि राग बी होता. असायलाच पाहिजे होता.

"काका," ती म्हणाली, "हे मला नका सांगू. चला."

रिक्षात ती बाहेर बघत बसली. मी मनात दोन वाक्यं जुळवत होतो. तारीख टाकलेला कागद माझ्या हातात तसाच होता.

मैदानावर कडुलिंबाची झाडं तेवढी जुनी राहिलीत. पलीकडं नवा हॉल, आत मॅट बिट टाकलंय म्हणे, पण शाळेच्या मुलींची मॅच बाहेर मातीवरच होती. इंद्रजीत लांबूनच ओळखू आला. केस पांढरे, पोट जरा सुटलेलं, चाल तीच. मुली रांगेत उभ्या होत्या आणि हा वाकून मैदान तपासत होता. जमीन ओली होती. जुन्या रेषेचा मागमूस नव्हता.

"पप्पा, हे सांडूकाका."

त्यानं मान वर केली. मला वाटलं होतं, रिक्षात जुळवलेली दोन वाक्यं बोलीन. एक आठवंना. मग मला जे सुचलं ते केलं. मी हात वर केला. सरळ, खांद्यापासून, नख लागल्यावर तो करायचा तसा. पन्नाशीचा माणूस भर मैदानात हात वर करून उभा, मुली खुसखुसायला लागल्या.

"मुलींची रेषा होती इंदर," मी म्हणलं. "मी पुसली नव्हती."

"माहितीय," तो म्हणाला.

"माहितीय?"

"दुसऱ्या दिवशी पहाटे मी आलो होतो. झोप लागली नाय रातभर. म्हणलं, बघावं तरी कुठं चुकलो. तर तू खुरपं घेऊन खरवडत होतास, आणि रडत बी होतास. मी त्या लिंबाखाली उभा होतो."

"मग बोलला का नाय?"

"तुझी फी मैदानावर माफ होती. मी बोललो असतो तर तुला काढलं असतं त्या दिवशीच. कॉलेज सुटलं असतं तुझं." त्यानं हातावरची माती झटकली. "म्हणलं, याची परीक्षा होऊ दे, मग हा आपणच सांगेल. तू सांगशील असं वाटलं होतं मला, सांडू. पहिली दोन-चार वर्षं तर रोज वाटायचं."

यापेक्षा त्यानं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. राजनंदिनीनं तोंड फिरवलं. मी अजून हात वर धरून होतो. खाली कधी घ्यायचा, कळत नव्हतं.

"उशीर झाला," मी म्हणलं.

"लई झाला." तो थकल्यासारखा दिसला, तरण्याताठ्या इंद्रजीतच्या तोंडावर असला थकवा मी कधी बघितला नव्हता. मग त्यानं मैदानाच्या कडेला बोट दाखवलं, बाद झालेल्या मुली बसतात तिथं. "बस तिकडं. गडी बाद झाला की बाहेर बसतो, एवढं तरी आठवतंय ना?"

मी जाऊन बसलो. मॅच सुरू झाली. राजनंदिनीच्या मुली तिखट होत्या. एक बाद होऊन माझ्याशेजारी येऊन बसली, आमचा गुण झाला की उठून आत गेली. मग दुसरी आली, तीही गेली. मी तिथंच. मांडीवर कागद ठेवला आणि लिहिलं. शहाण्णवच्या फायनलला मैदानावर जुनी रेषा मी राहू दिली. इंद्रजीतनं ती ओलांडली. चूक माझी. खाली सही केली, सांडू, मैदान कामगार. सहीखाली अजून एक ओळ, फोटो लावा, नका लावू, तुमचा प्रश्न. तात्यासाहेबाची आणि संघपालची सही नाय, तर एकमत नाय म्हणून प्राचार्य कागद बाजूला ठेवतील, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं.

हाफटाइमची शिट्टी झाली. मुली पाण्याकडं पळाल्या. रेषा पुसट झाल्या होत्या. माझ्यावर सावली पडली म्हणून वर बघितलं, तर इंद्रजीत उभा. एका हातात टेप, एका हातात फक्कीचा डबा.

"ऊठ," तो म्हणाला. "गुण झाला आमचा."

गुडघे धरून उठलो. त्यानं डबा माझ्या हातात दिला आणि टेपचं टोक घेऊन मध्यरेषेवर जाऊन बसला.

"चार मीटर," तो तिथनं ओरडला. "नीट मोज."

मी मोजलं. दोनदा मोजलं. मग वाकलो आणि रेषा मारायला लागलो.